साठीच्या उंबरठ्यावरचा बँड, कर्जतचा स्टुडिओ आणि पाच दिवस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दादरच्या कॉलेजात जमलेला पाचजणांचा रॉक बँड. आता सगळे पंचावन्न ते साठमधले. तुम्ही गिटारवाले, नुकतेच बँकेतून निवृत्त झालात. ड्रमर परदेशात असतो, तो डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येतोय. आठ जुनी गाणी आहेत, सहा मराठी आणि दोन इंग्रजी, ती एकदाची नीट रेकॉर्ड करायची आहेत. त्यातल्या दोन गाण्यांचे शब्द ज्या मित्राचे, तो आता नाही. कर्जतच्या पुढे शेतात राहण्या-जेवणाची सोय असलेला स्टुडिओ सापडलाय, पाच दिवस मिळतायत. तिकडे जावं, की अंधेरीत शिफ्ट घेऊन काम उरकावं? आवाज कुठे चांगला येईल? आणि तुमचा मुलगा म्हणतो, हल्ली हे सगळं घरीच होतं, उगाच पैसे कशाला घालवता.

मी रेकॉर्डिस्ट आहे. सिनेमाची गाणी, जिंगल्स आणि मधूनमधून बँड, अशी मुंबईत बरीच वर्षं काढली. कर्जत-कामशेतकडच्या राहून काम करायच्या स्टुडिओंमध्येही जाऊन आलेय. माझं उत्तर असं: जा. पण पाच दिवसांत आठ गाणी तयार करून आणू, या हिशेबानं जाऊ नका. तिकडे फक्त पाचजणांनी मिळून वाजवायचं काम करा, बाकीचं मुंबईत करा. हे का म्हणते ते सांगते.

तुम्ही विचारलंय की आवाज कुठे चांगला येईल. नुसत्या आवाजाचं बोलायचं तर तेवढ्याच पैशांत अंधेरीचा बरा स्टुडिओ सहसा जास्त देतो. खोली त्याच कामासाठी बांधलेली असते, माइक भरपूर असतात, आणि एखादा प्रीअॅम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) रुसला तर तासाभरात माणूस येऊन दुरुस्त करून जातो. मुलाचंही खोटं नाही. गाणं, कीबोर्ड, बेस, अगदी गिटारसुद्धा घरी उत्तम होते. घरी दोनच गोष्टी होत नाहीत. एक म्हणजे ड्रम्स, कारण खालच्या मजल्यावरचे काका पहिल्या पाच मिनिटांत बेल वाजवतात. दुसरी म्हणजे पाचजणांनी एका वेळी, एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवणं. तुमच्या प्रश्नातला एकच भाग मला महत्त्वाचा वाटला, तो हा.

मुंबईतल्या शिफ्टचा दिवस कसा जातो ते बघा. शिफ्ट आठ तासांची. ठाण्याचा वेळेवर येतो, बोरिवलीचा हायवेवर अडकतो, पनवेलचा फोन उचलत नाही. ड्रम्स लावून, सूर जमवून, त्यांना माइक लावून, पाचजणांचे हेडफोन जुळवून होईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. मग जेवण. जेवणानंतर दोन गाणी जरा रंगात येतात, तोवर कुणाला घरून फोन येतो आणि कुणाचं ‘ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत निघतो’ सुरू होतं. रात्री तुमचे ड्रम्स काढले जातात, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कुणाचं तरी डबिंग असतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही परत येता तेव्हा सगळं पहिल्यापासून, आणि स्नेअर ड्रमचा आवाज पहिल्या दिवशीसारखा काही केल्या येत नाही.

राहून काम करायच्या स्टुडिओत मांडलेलं मोडावं लागत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी लावलेले ड्रम्स पाचव्या दिवसापर्यंत तसेच उभे असतात. रात्री जेवताना कुणाला काही सुचलं तर उठून दहा पावलांवर जाऊन वाजवून बघता येतं. माझ्या मते तुम्ही पैसे मोजता ते या सोयीचे. झाडं, हिरवळ, नदीकाठ हे सगळं ब्रोशरमध्ये.

ही कल्पना जिथून आली तिथेही कारण हेच होतं. वेल्समधल्या मॉनमथजवळ किंग्जली आणि चार्ल्स वॉर्ड या भावांनी आपल्या गुरांच्या फार्मवर रॉकफील्ड स्टुडिओ सुरू केला, १९६० च्या दशकात. बँड तिथेच राहायचे, तिथेच जेवायचे, रात्री-अपरात्री वाजवायचे, आणि तक्रार करायला शेजारी म्हणजे फक्त गाई. क्वीन हा ब्रिटिश बँड तिथे १९७५ मध्ये गेला, ओअॅसिस हा दुसरा १९९५ मध्ये. पण गोष्ट सांगताना एक तपशील बहुतेक लोक गाळतात. क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचा वाद्यांचा पाया रॉकफील्डमध्ये पडला, पण आवाजांवर आवाज चढवण्याचं पुष्कळसं काम नंतर लंडनच्या वेगवेगळ्या स्टुडिओंत झालं. पाया फार्मवर, कलाकुसर शहरात. तुम्ही हेच करा.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराचं. तो स्टुडिओ नव्हताच. लेड झेपेलिन या बँडनं रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडची रेकॉर्डिंगची गाडी बाहेर उभी केली आणि आपला ड्रमर जॉन बॉनम याचे ड्रम्स जिन्याखालच्या उंच हॉलमध्ये ठेवून वर दोन माइक टांगले. १९७१ मध्ये आलेल्या त्यांच्या चौथ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तोच हॉल ऐकू येतो. हे ऐकून लोक फार्महाउस भाड्यानं घेतात आणि जिन्यात ड्रम्स मांडतात. दगडी भिंती आणि दोन मजले उंच छत असेल तर जमतं. आपल्याकडच्या फार्महाउसचा हॉल बहुधा दहा फूट उंच, खाली टाइल्स, एका बाजूला काचेचे सरकते दरवाजे. तिथे ड्रम्स वाजले की कानाखाली आवाज निघतो, बाकी काही निघत नाही. तेव्हा ‘स्टुडिओ’ म्हणून दाखवलेली खोली खरंच रेकॉर्डिंगसाठी बनवलेली आहे, की फार्महाउसवर फोम चिकटवलाय, ते आधी जाऊन बघा. भिंतींवर अंड्यांच्या ट्रेसारखा पातळ फोम दिसला की थोडं सावध व्हा. त्यानं वरची खरखर कमी होते, खालचा घुमारा तसाच राहतो.

आता पुढचं बरंच काही एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: शेवटचं एकत्र कधी वाजवलंत? मागच्या दोन-तीन वर्षांत अधूनमधून जमत असाल तर पाच दिवस पुरतात. शेवटचं वाजवलं ते कुणाच्या तरी लग्नात, आणि त्या मुलीची मुलगी आता कॉलेजात असेल, तर कर्जतचे पहिले तीन दिवस फक्त गाणी आठवण्यात जातील. स्टुडिओच्या दरानं तालीम करणं परवडत नाही. रॉक मशीन हा मुंबईचा बँड १९८४ चा, पुढे इंडस क्रीड झाला, १९९७ मध्ये थांबला, २०१० मध्ये पुन्हा जमला, आणि त्यांचा नवा अल्बम आला तो २०१२ मध्ये. रंगभवनचा मंच गाजवलेल्या, पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्या माणसांना इतका वेळ लागला, तर निवृत्त बँकरला आठवडाभर तालीम लागली यात लाजायचं काहीच नाही.

म्हणून ड्रमर उतरला की पहिला आठवडा मुंबईत जॅम रूम घ्या. अंधेरी, गोरेगाव, ठाणे, कुठेही तासावर मिळते. तो यायच्या आधी बाकी चौघांनी प्रत्येक गाण्याचा एक साधा डेमो करून त्याला पाठवायचा: क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या एकसारख्या ठोक्यावर, गिटार आणि गाणं, बस. त्याला तिकडे सराव करता येईल आणि गाण्याची लय आधीच ठरून जाईल. तालमी फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन ऐका. वाजवताना जे झकास वाटतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ऐकल्यावर कितपत झकास आहे ते कळतं.

तालमीतच पट्टी ठरवा. हा मुद्दा लोक टाळतात, कारण गायकाला वाईट वाटेल अशी भीती असते. वयाच्या बाविसाव्या वर्षी जो सूर लागायचा तो अठ्ठावन्नाव्या वर्षी ओरडून लागतो, आणि ओरडलेला सूर माइकला लगेच कळतो. अर्धा सूर किंवा एक सूर खाली आणा. तुमच्या गाण्यांत उघड्या तारांवरचे रिफ असतील तर कॉर्ड बदलू नका, गिटारच उतरवून लावा. अर्धा सूर उतरवताना टेन जाडीच्या तारांचा सेट ढिला वाटला तर इलेव्हनचा, म्हणजे थोड्या जाड तारांचा घाला, आणि तारा बदलल्यावर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येतील असं जुळवणं) करून घ्या. बेसवाल्यालाही हे आधी सांगा, नाहीतर तो कर्जतला पोचून विचारेल.

आणि जुन्या कॅसेटवरून पट्टी ठरवू नका. कॅसेट डेकच्या वेगात थोडा फरक असतोच. वेग तीन टक्क्यांनी चुकला तर सूर जवळजवळ पाव सुरानं सरकतो. एकावर भरलेली कॅसेट दुसऱ्यावर वाजवली की गाणं कुठल्याच पट्टीत बसत नाही, आणि मग ‘आपण हे ई फ्लॅटमध्ये वाजवायचो की ई मध्ये’ यावर दोन तास भांडण होतं. कॅसेट आठवणीसाठी ऐका, सुरासाठी ट्यूनर वापरा.

आता कर्जतमध्ये नेमकं काय करायचं. पाचही जण एका वेळी वाजवतील आणि त्यातून ड्रम्स, बेस आणि मुख्य गिटार पक्कं धरायचं. कीबोर्ड आणि दुसरी गिटार चांगली आली तर बोनस. गाणारा गाईल, पण तो स्क्रॅच, म्हणजे बाकीच्यांना गाणं कुठे चाललंय ते कळावं म्हणून. त्याला साधा डायनॅमिक माइक द्या आणि ड्रम्सकडे पाठ करून नको, तोंड करून उभा करा. अशा माइकला मागून कमी ऐकू येतं, त्यामुळे माइकची पाठ ड्रम्सकडे येते आणि त्यात ड्रम्सचा आवाज कमी शिरतो. कधीकधी हाच स्क्रॅच इतका जिवंत येतो की शेवटी तोच ठेवावा लागतो, म्हणून तो फेकाऊ समजून भरू नका.

गिटारचा अॅम्प ड्रम्सच्या खोलीत नको. शेजारच्या बेडरूममध्ये, गाद्या उभ्या करून त्यांच्या मधे ठेवा. अॅम्पचं हेड (बटणांचा भाग) वेगळं असेल तर हेड तुमच्यापाशी आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) बेडरूममध्ये ठेवा, मधली स्पीकरची वायर लांब चालते. गिटारची वायर लांबवली तर वरचा चमकदारपणा जातो. याशिवाय डीआय बॉक्समधून गिटारचा कोरडा सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचाच. मुंबईत परत आल्यावर अॅम्पचा आवाज आवडला नाही, तर तो कोरडा सिग्नल दुसऱ्या अॅम्पमधून काढून पुन्हा भरता येतो, वाजवणं तेच राहतं. तुमच्या हातांचा चांगला दिवस कर्जतला आला असेल, तो आवाजापायी वाया जायला नको.

हॉल मोठा असला तरी एकमेकांपासून लांब उभे राहू नका. आवाज एका मिलीसेकंदात साधारण एक फूट जातो. ड्रमरपासून तीस फुटांवरच्या माणसाला हेडफोनशिवाय ठोका जवळजवळ तीस मिलीसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तो प्रामाणिकपणे त्या उशिरावरच वाजवत राहतो. बेसवाला ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला, आठ-दहा फुटांत. बाकी सगळे अर्धवर्तुळात, प्रत्येकाला ड्रमरचा चेहरा दिसेल असे. तुमच्या पिढीच्या बँडमध्ये गाणं कधी संपवायचं हे ड्रमरच्या भुवयांवरून ठरतं, ते हेडफोनमध्ये येत नाही.

क्लिक वापरायचा का? कधीच क्लिकवर वाजवलं नसेल तर पूर्ण गाणं क्लिकवर लादू नका. चार ठोके मोजण्यापुरता घ्या आणि बंद करा. कोरसमध्ये लय थोडी वर गेली तर जाऊ द्या, त्या काळातल्या निम्म्या रेकॉर्डमध्ये ती जाते. मात्र गाण्यावर पुढे प्रोग्रॅम केलेले लूप किंवा स्ट्रिंग्ज चढवायच्या असतील तर क्लिक हवाच. हे गाण्यागणिक ठरवा.

टेकच्या, म्हणजे एकदा सलग वाजवून भरलेल्या गाण्याच्या, बाबतीत माझं मत ठाम आहे. एका गाण्याचा चांगला टेक बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्यात येतो. पहिल्यात कुणीतरी झोपलेलं असतं. पाचव्यानंतर सगळे चुका टाळण्यासाठी वाजवायला लागतात आणि गाण्यातली हवा जाते. पाच झाले की दुसऱ्या गाण्यावर जा आणि हे उद्या सकाळी घ्या. राहून काम करण्याचा फायदा इथेच वसूल होतो, अंधेरीत ‘उद्या सकाळी’ नसतं.

आता गावाकडच्या आवाजांबद्दल, कारण ‘तिकडे शांतता असते’ हा मुंबईकरांचा लाडका समज आहे. तुमचा महिना डिसेंबर, तो चांगला आहे. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस आणि रात्रभर बेडूक, शिवाय दमट हवेत तारा गंजतात आणि लाकूड फुगतं. डिसेंबरात हवा कोरडी असते, पण दुपार आणि पहाट यांच्या तापमानात बराच फरक पडतो. गिटार आणि ड्रम्स दोन्हींचा सूर हलतो. प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर बघा, आणि गिटार एसीच्या झोतात ठेवू नका. रातकिडे असतात, पण बंद खोलीत ड्रम्ससमोर त्यांचा पाड लागत नाही. अकूस्टिक गिटारचा नाजूक भाग भरायचा असेल तर मात्र दुपारी भरा.

खरा त्रास माणसांचा असतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि गावात डीजे येतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला देवळाचा कर्णा दिवसभर चालतो. एखाद्या गावात हरिनाम सप्ताह बसला असेल तर सात दिवस पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत माइक चालू. कीर्तन छान असतं, पण तुमच्या बॅलडच्या मधल्या विरामात ‘विठ्ठल विठ्ठल’ आलं तर ते काढता येत नाही. स्टुडिओच्या मालकाला स्पष्ट विचारा: त्या आठवड्यात गावात काय आहे? त्याला माहीत नसेल तर गावातल्या किराणा दुकानात फोन करून विचारायला सांगा. शनिवार-रविवार टाळाच. कर्जत-नेरळचा सगळा पट्टा फार्महाउसनी भरलेला आहे आणि शनिवारी रात्री प्रत्येकाचा वेगळा डीजे असतो. सोमवार ते शुक्रवार घ्या, आणि नाताळच्या आठवड्याचा विचारही करू नका. स्टुडिओ रेल्वेमार्गाला किती जवळ आहे तेही बघा. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांच्या शिट्ट्या लांबवर जातात.

मग वीज. ‘लाइट जाते का?’ असं विचारलं की मालक ‘जनरेटर आहे ना’ म्हणतो. पुढचे प्रश्न तुम्ही विचारायचे. जनरेटर खोलीपासून किती लांब आहे, तो चालू असताना टेक घेता येतो का, कॉम्प्युटर ऑनलाइन यूपीएसवर आहे का. साध्या इन्व्हर्टरवर सिंगल कॉइल पिकअपची गिटार इतकी गुणगुणते की नकोसं होतं. आणि अर्थिंग. हा फक्त आवाजाचा मामला नाही. अर्थिंग खराब असलेल्या जागी गिटारच्या तारांवर हात ठेवून ओठ माइकला लावले की झटका बसतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. पोचल्यावर पहिलं काम: मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. काहीही लक्षात येण्याजोगं दिसलं तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत कुणी वाजवायचं नाही. तुमचा रेकॉर्डिस्ट याला कटकट म्हणाला तर रेकॉर्डिस्ट बदला.

फायलींचं गणित सोपं आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो. सोळा ट्रॅक धरले तर तासाला आठ जीबीच्या थोडं वर. रोज चार तास रेकॉर्डिंग चाललं तरी पाच दिवसांत पावणेदोनशे जीबीच्या आत राहाल. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क पुरतात, आणि परत येताना त्या दोन वेगळ्या गाड्यांतून याव्यात. तिकडच्या इंटरनेटवरून एवढं वर चढवायची आशा धरू नका.

आता वयाचा विषय. राग मानू नका, मीही त्याच गटात आहे. आपल्या वयाला वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झालेलं असतं, आणि ज्यांनी तरुणपणी अॅम्पसमोर उभं राहून वाजवलं त्यांचं जास्त. त्यामुळे मिक्स करताना, म्हणजे सगळ्या ट्रॅकचे आवाज जुळवताना, प्रत्येक जण ‘सिंबल वाढव’ म्हणतो आणि तरुण कानांना ते टोचतं. तिकडे मिक्स करायला बसू नका, हे त्याचं एक कारण. दुसरं, पाच दिवस मोठ्यानं ऐकलेल्या कानांवर विश्वास ठेवता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या निऑश संस्थेची मर्यादा आहे ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स शंभरी सहज ओलांडतात. तेव्हा इअरप्लग किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन, आणि दर तासाला दहा मिनिटं बाहेर अंगणात. ‘माझा आवाज वाढव’ असं कुणी म्हणालं की आधी दुसऱ्या कुणाचा तरी कमी करून बघायला सांगा.

बाकीचं पटकन सांगते. जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवा, शुगरच्या गोळ्या घेणारे दोघेतिघे असतीलच. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात छापून न्या, मंद दिव्यात चष्मा शोधण्यात चांगले टेक जातात. बेस बसून वाजवायला उंच स्टूल मागवून ठेवा. पिणं पॅकअपनंतरच. मुख्य गाणं मी मुंबईत करा म्हणते त्याचं कारणही इथेच आहे: रात्री उशिरा जेवण, दोन पेग, आणि दिवसभर स्क्रॅच गाऊन बसलेला गळा. गायकाला जानेवारीत सावकाश, दिवसाला एक गाणं गाऊ द्या. तोवर ड्रमर परत गेलेला असेल, त्याचं काम झालेलं असेल.

बाहेरचा एक माणूस बरोबर न्या, जो टेक संपल्यावर ‘नाही, पुन्हा’ म्हणू शकेल. पस्तीस वर्षांचे मित्र एकमेकांना हे सांगत नाहीत, आणि सांगितलंच तर ते भलत्याच जुन्या गोष्टीवरून सांगतात. तो माणूस प्रोड्यूसर असेल तर उत्तम, नाहीतर स्टुडिओचा रेकॉर्डिस्ट, पण त्याला हा अधिकार पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर द्या. आणि प्रत्येक गाण्यापुरता शेवटचा शब्द ज्यानं ते गाणं बांधलं त्याचा.

आता तुमच्या गेलेल्या मित्राचा विषय. तुम्ही लिहिलंय की वहिनी नाही म्हणणार नाहीत. नसतीलही, पण विचारा आणि लेखी घ्या. गाण्याच्या शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो, तेव्हा त्या दोन गाण्यांचे शब्द आज त्या मित्राच्या वारसांचे आहेत. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. पाचजण सारखे पैसे घालणार असाल तर हा निर्माता म्हणजे पाचही जण, हे कागदावर येऊ द्या. एकटे तुम्ही निवृत्तीच्या पैशांतून घालणार असाल तर तेही येऊ द्या. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, याचं एका पानाचं पत्रक सगळ्यांच्या सह्यांनी मुंबईतच करा, कर्जतला निघायच्या आधी. गाणं प्लॅटफॉर्मवर चढवताना हीच माहिती भरावी लागते, आणि तेव्हा फोन करून विचारत बसलं की जुने हिशेब निघतात.

पैशांबद्दल मी आकडा सांगत नाही, जागेप्रमाणे फार बदलतो. दर विचारताना एवढं बघा: त्यात रेकॉर्डिस्ट आहे का, दिवस म्हणजे किती तास, ड्रम किट आणि अॅम्प तिथले की तुमचे, डिझेल वेगळं का, आणि तुमच्यापैकी कुणी आजारी पडलं तर तारीख सरकवता येते का. शेवटचा मुद्दा या वयात गंमतीचा नाही.

मुलगा व्हिडिओ काढायचा म्हणत असेल तर काढू दे, पण पहिले दोन दिवस कॅमेरा खोलीत नको. कॅमेरा आला की सगळे पोटं आत घेऊन वाजवतात.

आणि त्या खोलीत ड्रम्स ठेवावेत की नाही ते मला तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून सांगता येणार नाही. छताची उंची मोजून कळवा, आणि खोलीच्या मधोमध उभं राहून दोन-तीन मोठ्या टाळ्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. फोनमधल्या साध्या रेकॉर्डर अॅपनं करा आणि व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून फाइल जोडा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज इतका दाबला जातो की खोली ऐकूच येत नाही.